चावा, जात आणि साखळी

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी जॅक्सन लॅबोरेटरी ही संशोधनसंस्था आहे. दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी तिथे कुत्र्यांची पैदास सुरू केली. जाती पाच निवडल्या: बीगल, कॉकर स्पॅनियल, बसेंजी, शेटलंड शीपडॉग आणि वायर फॉक्स टेरियर. पाचही जातींच्या पिल्लांना अन्न, जागा आणि माणसांचा सहवास सारखाच द्यायचा. मग स्वभावात जो फरक उरेल तो रक्तातला, असा त्यांचा हिशेब होता.

फरक उरला आणि चांगलाच उरला. बीगलची पिल्ले गुण्यागोविंदाने एकत्र नांदत. फॉक्स टेरियरची पिल्ले मात्र जेमतेम सात-आठ आठवड्यांची होताच टोळी करत आणि सगळी मिळून एकाच भावंडावर तुटून पडत. मार खाणाऱ्या पिल्लाला बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नसे. शेवटी या जातीची पिल्ले तीन-तीनच्या गटांत ठेवावी लागली. पूर्ण वाढलेला फॉक्स टेरियर आठ किलोच्या आसपास भरतो. बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर हुसकावण्यासाठी ही जात घडवली गेली आणि माघार न घेण्याचा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला. तो गुण पिल्लांच्या खुराड्यातही दिसत होता.

स्कॉट आणि फुलर यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मतःच काही जाती भांडखोर असतात का, या प्रश्नावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना त्यात पुरावा सापडतो. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांना फॉक्स टेरियर सापडतो. संगोपनाला महत्त्व देणाऱ्यांच्या हाती त्याच संस्थेतला दुसरा प्रयोग येतो. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात कॉकर स्पॅनियल आणि बीगल या मवाळ जातींची पिल्ले उंच कुंपणाच्या शेतात, माणसांपासून दूर वाढवली गेली. काहींना दुसऱ्या ते नवव्या आठवड्यादरम्यान एकेक आठवडा माणसांत आणले गेले, काहींना थेट चौदाव्या आठवड्यात. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्ले रानटी जनावरासारखी वागू लागली. ती हाताला लागत नव्हती आणि पुढे कितीही माया केली तरी पुरती माणसाळली नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या आयुष्यात निर्णायक असतो, हे आज प्रत्येक पशुवैद्य सांगतो. ते ज्ञान बहुतांशी याच कामातून आले.

केंद्राचे एक पत्र

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धविकास खात्याने सर्व राज्यांना एक पत्र पाठवले. २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा. लोकांनी आधीच पाळलेल्या अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण करा, असा त्याचा आशय. त्यामागे पाळीव कुत्र्यांच्या हल्ल्यांच्या बातम्यांची रांग होती. जुलै २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर बंदी घातली.

यादी वाचताना जाणकारांना अनेक ठिकाणी ठेच लागली. जपानी तोसा तीत दोन वेळा आला होता. कांगल, आकबाश, सारप्लानिनात्स आणि तोर्नयाक हे तुर्कस्तान व बाल्कन भागातले मेंढपाळांचे राखणदार कुत्रे, आणि त्यांच्याच शेजारी लढाईसाठी पैदास झालेल्या जाती. एका नोंदीत तर नुसतेच ‘टेरियर्स’ लिहिले होते. ते शब्दशः घेतले तर सोफ्यावर लोळणारा तीन किलोचा यॉर्कशायर टेरियरही बंदीत येतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी हे पत्र रद्द ठरवले, कारण संबंधितांपैकी कोणालाही विचारले गेले नव्हते. पाठोपाठ दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही आणि केंद्राला हरकती-सूचना मागवाव्या लागल्या.

वाद तिथे संपला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजूण येथे सात वर्षांच्या मुलाचा पिटबुलच्या हल्ल्यात बळी गेला. गोवा सरकारने पिटबुल आणि रॉटवायलरवर बंदी घालण्याचे ठरवले आणि २०२५ मध्ये विधानसभेने त्यासाठीचे विधेयक मंजूर केले. ज्या घरातले मूल गेले त्या घराला ‘कुत्रा मुळात वाईट नसतो’ हे वाक्य ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणूनच या प्रश्नाकडे भावनेच्या भरात पाहून चालत नाही.

दोन वेगळे प्रश्न

या वादात दोन प्रश्नांची सतत गल्लत होते. कुत्रा चावण्याची शक्यता किती, हा पहिला. चावला तर काय होईल, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत आणि ती वेगळी ठेवली की बराच गुंता सुटतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील जेम्स सर्पेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तीसहून अधिक जातींच्या मालकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीचे निष्कर्ष मांडले. माणसांवर दात दाखवण्यात आघाडीवर डॅशहंड आणि चिवावा होते. पिटबुल माणसांच्या बाबतीत त्यांच्या आसपासही नव्हता. दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाण्यात मात्र त्याचे गुण वरचे होते. आता चिवावा चावला तर इंजेक्शने घ्यावी लागतात. पन्नास किलोचा रॉटवायलर चार वर्षांच्या मुलावर गेला तर ते मूल वाचेलच असे नाही. लहान मुलांची उंचीच अशी की चावा चेहऱ्यावर, मानेवर बसतो. शिवाय लढाऊ वंशातले कुत्रे चावा घेऊन सोडत नाहीत, धरून हिसडतात. ‘पिटबुलचा जबडा लॉक होतो’ ही मात्र निव्वळ दंतकथा आहे. त्याच्या कवटीत तशी कोणतीही रचना नसते. तो सोडत नाही, कारण न सोडणाऱ्यांचीच निवड झाली.

ही निवड कशी झाली याचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर बुलडॉग सोडण्याचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला. मग शौकिनांनी बुलडॉग आणि टेरियर यांचा संकर करून कुत्र्यांनाच एकमेकांशी झुंजवायला सुरुवात केली, आणि स्थलांतर करणाऱ्यांबरोबर ते कुत्रे अमेरिकेत पोचले. आजचा पिटबुल त्यांचा वंशज. ताकद, चिकाटी आणि दुसऱ्या कुत्र्यावरचा राग त्याच्या वारशात आहे, हे नाकारणे म्हणजे बॉर्डर कॉली मेंढ्या वळवतो हे नाकारण्यासारखे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवघड आहे, आणि कायदे नेमके तिथेच घसरतात.

जनुके काय सांगतात

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एलिनॉर कार्लसन यांच्या गटाचा शोधनिबंध आला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या होत्या आणि २,१५५ कुत्र्यांची जनुकीय माहिती तपासली गेली होती. निष्कर्ष असा, की एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे का, याचे जातीवरून मिळणारे स्पष्टीकरण सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास आहे. माणसाचे ऐकण्याची वृत्ती जातीवरून त्यातल्या त्यात ओळखता येते. किती लवकर चिडेल हे जवळजवळ येत नाही.

तीनच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, इव्हान मॅकलीन आणि सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक जातींची तुलना करून वेगळेच दाखवले होते. जातींच्या सरासरी ताडून पाहिल्या तर अनोळखी माणसावर धावून जाणे, पाठलाग करणे, शिकवलेले आत्मसात करणे या गुणांतील फरकांचा मोठा वाटा आनुवंशिक होता.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. जातीजातींच्या सरासरीत फरक असतो, पण एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांमधला फरक त्याहून मोठा असतो. स्वभाव वारशाने येतो, तो मुख्यतः आईबापांकडून. रशियात नोवोसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगाने हे डोळ्यांपुढे ठेवले. एकाच प्रकारच्या चंदेरी कोल्ह्यांमधून दर पिढीत सर्वांत शांत तेवढे निवडत गेल्यावर काही पिढ्यांतच शेपटी हलवत माणसाजवळ येणारे कोल्हे जन्मू लागले. दुसऱ्या बाजूला सर्वांत आक्रमक निवडत गेल्यावर पिंजऱ्याजवळ हात नेला की झेपावणारे कोल्हे तयार झाले. प्राणी तोच, फरक होता तो फक्त कोणाची पिल्ले वाढवायची या माणसाच्या निवडीत.

कुत्र्यांच्या बाजारातही हेच घडते. ब्रिटनमध्ये एक्सएल बुली कुत्र्यांच्या हल्ल्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा त्यांतल्या काहींची वंशावळ अमेरिकेतल्या किलर किंबो नावाच्या एकाच नरापर्यंत जाते, असे तिथल्या माध्यमांनी मांडले. भरभक्कम शरीराला भाव येतो, म्हणून जवळच्या नात्यात पैदास करत राहायची आणि स्वभाव पाहायचाच नाही, या धंद्याची ही फळे. पिल्लू घेणाऱ्याने जातीचा कागद पाहण्यापेक्षा त्याच्या आईला आणि बापाला प्रत्यक्ष पाहावे, त्यांच्याजवळ बसावे. त्यातून जास्त कळते.

याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. २००७ मध्ये व्हर्जिनियातील सरी काउंटीत अमेरिकन फुटबॉलपटू मायकेल व्हिक याच्या मालकीच्या जागेवरून झुंजींसाठी ठेवलेले पन्नासएक पिटबुल जप्त झाले. अशा कुत्र्यांना तोवर सरसकट मारले जाई आणि या वेळीही काही मोठ्या प्राणिसंघटनांनी तोच सल्ला दिला. न्यायालयाने मात्र एकेका कुत्र्याची स्वभावचाचणी करवली. आक्रमक म्हणून एकाच कुत्रीला कायमचे झोपवावे लागले. २२ कुत्री युटा राज्यातील कानाब येथील बेस्ट फ्रेंड्स आश्रमात गेली. त्यांतल्या दोघांना आयुष्यभर तिथेच ठेवण्याचा न्यायालयाचा आदेश होता. बाकीच्यांपैकी अनेक कुत्री कुटुंबांत रुळली, काही तर आजारी माणसांना सोबत करू लागली. लढण्यासाठीच जन्माला घातलेली ही कुत्री. त्यांच्यातही एकासारखे दुसरे नव्हते.

टेप घेऊन मोजलेला धोका

ब्रिटनचा १९९१ चा डेंजरस डॉग्ज ॲक्ट हा अशा कायद्यांचा आदर्श मानला जातो. लागोपाठच्या हल्ल्यांनंतर गृहमंत्री केनेथ बेकर यांनी तो घाईने संसदेत आणला. पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्रासिलेरो या चार प्रकारांवर बंदी आली. कुत्र्याचे आईबाप कोण होते याला कायद्यात महत्त्व नाही. तो दिसतो कसा, यावर सगळे ठरते, आणि तो त्या प्रकारातला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. ३१ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये एक्सएल बुलीची विक्री आणि पैदास बंद झाली. १ फेब्रुवारी २०२४ पासून सूटपत्राशिवाय तो पाळणेही गुन्हा ठरले. आता अधिकारी कुत्र्याच्या खांद्याजवळ टेप लावतो. नर ५१ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच, मादी ४८ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच, आणि डोके, छाती, नाकाडाची ठेवण वर्णनाशी बऱ्याच अंशी जुळली, तर कुत्रा बंदीत. त्याने आजवर कोणाला ओरखडा काढला आहे का, हा प्रश्न त्या मोजमापात येत नाही.

नजरेने जात ओळखण्याची पद्धत किती भरवशाची आहे? फ्लोरिडातील चार निवारा केंद्रांत १२० कुत्र्यांवर हे तपासले गेले. रोज कुत्र्यांत वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी निम्म्याहून अधिक कुत्र्यांना पिटबुल गटातले म्हटले. डीएनए तपासणीत त्या वंशाचा अंश निघाला तो फक्त २५ कुत्र्यांत. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

आणि एवढे करून चावे कमी झाले का? इंग्लंडमध्ये कुत्रा चावल्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १९९८ मध्ये लाखामागे सहाच्या आसपास होते. २०१८ मध्ये ते पंधराच्या घरात गेले. चार प्रकारांवरची बंदी त्या सगळ्या काळात लागू होती. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि चावे घटत नाहीत हे पाहून २००८-०९ मध्ये ती मागे घेतली. जर्मनीत हानोफरच्या पशुवैद्यक विद्यापीठात तिथल्या धोकादायक यादीतल्या जाती आणि गोल्डन रिट्रीव्हर यांची एकच स्वभावचाचणी घेतली गेली. आक्रमकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेत डेन्व्हर शहराने १९८९ पासून चालवलेली बंदी २०२० मध्ये मतदारांनीच उठवली आणि तिच्या जागी परवाना पद्धत आली.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा तरीही खोडून काढता येत नाही. मृत्यूंच्या आकड्यांत काही प्रकारची कुत्री पुन्हा पुन्हा दिसतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञांनी १९७९ ते १९९८ या काळातील २३८ मृत्यूंची पाहणी केली. निम्म्याहून अधिक घटनांत पिटबुल गटातले कुत्रे किंवा रॉटवायलर होते. ब्रिटनमध्ये २०२१ नंतर वाढलेल्या मृत्यूंपैकी अनेक एक्सएल बुलीच्या हल्ल्यातले. अंगात एवढी ताकद असलेल्या कुत्र्यावर जास्त अटी असाव्यात, ही मागणी रास्त आहे. फक्त त्या अटी कशावर घालायच्या, हे ठरवण्यासाठी मृत्यूची प्रत्येक घटना उलगडून पाहावी लागते.

२५६ मृत्यूंची उलगड

ते काम गॅरी पॅट्रोनेक आणि सहकाऱ्यांनी केले. २००० ते २००९ या दशकात अमेरिकेत कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेले २५६ मृत्यू त्यांनी बातम्यांवर न थांबता पोलीस आणि तपास अधिकाऱ्यांकडून माहिती घेऊन तपासले. कुत्र्याची जात खात्रीने सांगता आली ती जेमतेम १८ टक्के घटनांत. बाकी माहिती मात्र ठसठशीत होती. ८७ टक्के घटनांत सोडवायला धडधाकट माणूस जवळ नव्हता. ८५ टक्के घटनांत मृत व्यक्तीची त्या कुत्र्याशी ओळखपाळख नव्हती किंवा जुजबीच होती. ८४ टक्के घटनांत कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले नव्हते. ७७ टक्के घटनांत बळी गेलेली व्यक्ती वयामुळे किंवा शारीरिक अवस्थेमुळे स्वतःला सांभाळू शकत नव्हती. ७६ टक्के घटनांत कुत्री घरातली नव्हतीच. ती साखळीला, कुंपणाआड, माणसांच्या रोजच्या सहवासाबाहेर ठेवलेली होती. आणि दर पाचांतल्या चार घटनांत अशी चार किंवा अधिक कारणे एकवटली होती.

हे आकडे अमेरिकेतले असले तरी चित्र महाराष्ट्रात कोणालाही ओळखीचे वाटेल. फार्महाउसच्या फाटकापाशी राखणीला म्हणून बांधलेला रॉटवायलर. त्याच्याजवळ दिवसातून दोनदा जातो तो फक्त जेवण टाकणारा माळी. बंगल्याचे मालक शनिवार-रविवारी येतात. ‘तेज राहावा’ म्हणून त्याला मुद्दाम कोणाला हात लावू देत नाहीत आणि पुढे पिल्ले विकता येतील म्हणून नसबंदी करत नाहीत. सुटीत पाहुण्यांची मुले येतात, अंगणात चेंडू खेळतात आणि चेंडू साखळीच्या टप्प्यात जातो. पॅट्रोनेक यांच्या यादीतली जवळपास सगळी कारणे या एका अंगणात हजर आहेत. तिथे रॉटवायलरऐवजी मोठा गावठी कुत्रा असता तरी मुलाला धोका राहिलाच असता.

जुलै २०२५ मध्ये मुंबईत मानखुर्दला उभ्या रिक्षात एका अकरा वर्षांच्या मुलाला पिटबुल चावला. त्या घटनेची चित्रफीत देशभर पाहिली गेली. तीत मूल घाबरून विनवत असताना कुत्र्याचा मालक शेजारी बसून हसताना दिसतो. जातीवर बंदी घातली असती तर या माणसाने दुसऱ्या जातीचा कुत्रा आणला असता.

हाताशी असलेले कायदे

भारतात यासाठी शून्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तो गुन्हा आहे. झुंजी लावणेही त्याच कलमाखाली गुन्हा. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. नोंदणी नसलेली केनेल आणि समाजमाध्यमांवर चालणारी पिल्लांची विक्री थांबवली, तर बेपर्वा पैदाशीला मुळातच लगाम बसेल.

मालकाला शिक्षा होते, याचीही उदाहरणे आहेत. वरळीत लिफ्टमध्ये पाळीव हस्की शेजाऱ्याला चावल्याबद्दल त्याच्या मालकाला मुंबईच्या न्यायालयाने २०२५ मध्ये चार महिन्यांची कैद सुनावली. घटना २०१८ ची होती आणि हस्की केंद्राच्या २३ जातींच्या यादीत नव्हता. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. चांगल्या वंशावळीचे रॉटवायलरचे पिल्लू याहून कितीतरी महाग मिळते. हा दंड वाढायला हवा आणि खटल्याला सात वर्षे लागायला नकोत.

ब्रिटनमध्ये सूटपत्र मिळालेल्या कुत्र्यांना ज्या अटी असतात, त्या इथल्या महापालिका जात न पाहता वजनावरून आणि पूर्वइतिहासावरून लावू शकतात: निर्बीजीकरण, मायक्रोचिप, सार्वजनिक जागी पट्टा आणि तोंडाला मुसके, तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास विमा. पहिल्या चाव्याची नोंद वॉर्ड कार्यालयात झाली पाहिजे, मग कुत्रा लॅब्रेडोर असो की पिटबुल, आणि ती झाल्यावर स्वभावचाचणी सक्तीची हवी. बहुतेक गंभीर हल्ल्यांआधी त्या कुत्र्याने कधी गुरगुरून, कधी दात लावून इशारा दिलेला असतो आणि घरच्यांनी तो ‘खेळतोय’ म्हणून सोडून दिलेला असतो. गोव्याच्या विधेयकात मालकाकडून भरपाई घेण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने जातींची यादी बाजूला ठेवून आधी ही तरतूद घ्यावी.